धाकटीच्या ओंबीवरची पिशवी

गव्हाच्या संशोधन केंद्रात थोरल्या जावेचा चिमटा वीस वर्षं चालला होता. कोवळ्या ओंबीतले पुंकेसर एकेक करून उपटायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे नको तो पराग आत शिरत नाही. मग साहेब हवा तो पराग आणून नवं वाण जमवणार. आणि आता साहेब कौतुक करतात कुणाचं, तर गेल्याच हंगामात कामाला लागलेल्या धाकट्या जावेचं! "हिच्या ओंब्यांत दाणे जास्त भरतात." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीच्या एका ओंबीची पिशवी काढली आणि भिंग लावलं. राहिलेला एक तरी पुंकेसर सापडू दे! एकही नव्हता. तेवढ्यात वारा सुटला आणि शेजारच्या वाफ्यातला पराग उडून उघड्या ओंबीवर बसला.

पिशवी गुपचूप परत घातली असती, तर भेसळीचा ठपका धाकटीवरच आला असता. थोरलीचा हात घुटमळला.

"काय शोधताय, जाऊबाई?" मागून धाकटी आली.

"तुझी चूक."

"सापडली?"

"कुठली सापडतेय मेली!" थोरलीने ओंबी खुडून तिच्या हातात दिली. "ही बाद. मी उघडली, साहेबांना माझंच नाव सांग. आणि तू चिमटा धरतेस तरी कसा, ते दाखव. हसलीस तर बघ!"