छातीतून दिसणारे तारे

सकाळी आठलाच जिन्यात चपलांचा खच पडला होता. शेजारच्या काकूंच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसून भिंतीवरच्या फोटोला हात जोडत होती. गच्चीचा कठडा, वर तारे आणि मधे शाल पांघरलेली धूसर आकृती. तिच्या छातीतून पलीकडचे तारे दिसत होते.

"देह गळाला, माया उरली," बुवा सांगत होते. "काका पाठीशी उभे असताना सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

काकूंनी इन्शुलिन सोडून अकरा दिवस झाले होते. पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

तो फोटो माझा. मी पदार्थविज्ञान शिकवते आणि हौसेने ताऱ्यांचे फोटो काढते. दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं अशी कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, उघडी ठेवून पाहत होते. दोन मिनिटांच्या फोटोत ही आकृती निघाली. काकू म्हणाल्या, हे तर आमचेच! काका वारल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी त्या हसल्या आणि मी गप्प बसले. पुढे लोक फोटोची तारीफ करू लागले, तेव्हाही.

अंगठा पाहिल्यावर मात्र मी कॅमेरा घेऊन आले. पडदे ओढले, बुवांना खुर्चीवर बसवलं आणि झडप तीस सेकंद उघडी ठेवली. दहा सेकंदांनी त्यांना उठायला सांगितलं. फोटोत बुवांच्या पोटातून खुर्चीच्या पट्ट्या दिसत होत्या.

"बुवा, तुम्ही कधी वारलात?" गर्दीतल्या शिंपीकाकांनी विचारलं. खोली हसली. बुवा ग्रहमानाबद्दल काहीतरी पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

मी सगळ्यांना समजावलं. माणूस थोडाच वेळ उभा राहिला तर फोटोत अर्धवट उमटतो. तो निघून गेल्यावर उरलेल्या वेळात मागचं दृश्य त्याच्यावरून उमटतं.

काकू हसल्या नव्हत्या. "मग गच्चीवर कोण होतं?"

"मीच. कॅमेरा हलला का ते बघायला पुढे गेले होते."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

त्या भिंतीला धरून उठल्या. शिंपीकाकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात पाय वाचला, अंगठा गेला.

बुवांना विज्ञान ठाऊक नव्हतं. मला होतं. कुणी चमत्कार म्हणून काही दाखवलं तर ते कसं घडलं हे जरूर विचारा. आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर पहिल्याच दिवशी सांगा. ऐकणाऱ्याला वाईट वाटलं तरी सांगा.