गणतीबाहेरचे खेळ

धैर्यशीलने हस्तलिखिताच्या चौथ्या प्रकरणावर तांबडी फुली मारली आणि कागद टेबलावरून अल्फियाकडे सरकवले.

“एवढं प्रकरण गाळू. बाकीचं पुस्तक दिवाळीपर्यंत काढतो.”

पुस्तक टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमविषयी होते: प्रत्येक खेळाचे परीक्षण, शेवटी एक ते पाच तारे. सांगलीच्या महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता अल्फियाने सगळे खेळ नव्याने खेळून ते लिहिले होते. चौथ्या प्रकरणात नकली कॅसेटींवरचे खेळ होते.

“कारण?”

“परदेशातल्या एकाही मार्गदर्शिकेत हे खेळ नाहीत, मॅडम. त्यांच्या लेखी बनावट. मोजतच नाहीत.”

“लहानपणी आमच्या माधवनगरला अस्सल कॅसेट पाहिली होती कुणी? आम्ही खेळलो तेव्हा त्यांची परवानगी लागली नाही. खेळलो असं म्हणायला मात्र लागते. प्रकरण राहील, नाहीतर पुस्तक मी परत नेते.”

या पुस्तकाला दुसरा प्रकाशक मिळणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी ती कागद गोळा करू लागली. मदत म्हणून धैर्यशीलने त्याच प्रकरणातले एक पान उचलले, आणि ते त्याच्या हातातच राहिले.

“‘पाणबुडी’ला एक तारा?”

“तोही उदारपणे. तिसऱ्या टप्प्यात वळताना दोन्ही बटणं एकसारखी दाबावी लागतात. माणसाला ते अशक्य आहे. रचनेतच खोट.”

“आवं, एकट्यानं कोण खेळतंय? रिमोट एकच चालू असायचा. दोस्तानं वळवायचं, म्या बटणं बडवायची. तिसरा टप्पा काय घिऊन बसलाय, शेवटापातुर जायाचो आमी! लय भारी गेम हाय त्यो, आन् तुमी…”



“बनावट आहे,” अल्फिया म्हणाली. “मोजत नाहीत.”

धैर्यशीलने पान पुन्हा वाचले.

“तीन तारे तरी द्या.”

“नाही. मी एकटी खेळले, मला एकच दिसला. तुमचं मत तुमच्या नावानं खाली छापा.”

“म्हणजे प्रकरण ठेवायचं.”

“ते प्रकाशकांनी ठरवावं.”

त्याने खुर्ची पुढे ओढून लिहायला घेतले. कोरा कागद भरत आला तेव्हा मान वर न करता विचारले,

“नावाखाली काय लिहू? प्रकाशक?”

“कुठे खेळलात, ते लिहा.”

‘रहिमतपूर’, त्याने लिहिले. मग स्वतःच्या नावाआधी उरलेल्या चिंचोळ्या जागेत बारीक अक्षरांत घातले: ‘अजहर आणि’.