आत्तीची कूस बदलायची वेळ

सोमवारी सकाळी शिलाई मशीनपासून आत्तीच्या खाटेपर्यंत एकोणीस पावलं झाली होती. रविवारी सहा होती. मी दोनदा चालून बघितलं, मग टेप लावली. टेप संपली, खोली संपली नव्हती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं उजवं अंग गेल्याला सव्वा वर्ष झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीची जखम हाडापर्यंत जाईल. जखम तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. ती तेवढीच राहावी, एवढंच माझं मागणं होतं.

मशीन माझं नाही. गावातले माग बंद पडले तसे शिलाईचे कारखानेही मिटले आणि कारखानदारांनी मशिनं बायकांच्या घरी पाठवून दिली. मगदूम वहिनी दुचाकीवरून परकरांच्या कापलेल्या कापडाचे गठ्ठे आणून टाकतात आणि शिवलेले परकर घेऊन जातात. एकदा जरी वेळेत दिले नाहीत, तर मशीन दुसरीच्या घरी जातं. परत येत नाही.

आमचे मालक, धनपाल, मागावर होते. माग थांबल्यापासून ते खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईल बघतात. मी त्यांना पावलांचं सांगितलं.

"घर मोठं झालं की मग," ते म्हणाले. "लोक त्यासाठी मरत्यात."

"मग दुपारी तेवढं आत्तींना वळवाल का? माझा गठ्ठा राहिलाय."

"बाईमाणसाचं अंग. मी कसा हात लावू?"

त्याच अंगातून तुम्ही आलात, हे मी बोलले नाही. तेवढ्या वेळात परकराचा अर्धा नेफा शिवून होतो.

मंगळवारी मगदूम वहिनी आल्या. मशीन दाराशीच आहे, त्यामुळे त्यांना आत यावं लागत नाही. त्यांनी गठ्ठा टाकला. मी बघत होते. गठ्ठा जमिनीला टेकला आणि खाट दहा फरश्या मागे गेली.

"वहिनी, खोली लांबाय लागलीया."

"सगळ्यांचीच लांबलीया," त्या हेल्मेट न काढता म्हणाल्या. "चौगुल्यांच्यात तर लेकरू दिसंना झालंय, नुसतं रडल्यालं ऐकू येतंय. शुक्रवारी सकाळी न्यायला येतो. तयार ठेव."

बुधवारी चोपन्न पावलं झाली. आम्ही जैन. आत्ती दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत, जीव गेला तरी नाही. मी भात घेऊन निघाले. पोचले तेव्हा ऊन भिंतीच्या शेंड्याला गेलं होतं आणि भात गार झाला होता. चार घास कसेबसे गेले. त्यांना वळवलं, जखम बघितली. आता डाळ नव्हती, अख्खा हरभरा होता. मी खाटेच्या पायाशी बसून रडले आणि मग चोपन्न पावलं परत आले.

परकर लांब झाला तर कोणी फेकून देत नाही, आत चुणी घालतात. हे मला आधीच सुचायला हवं होतं. गुरुवारी सकाळी मी मधली जमीन दोन्ही हातांनी उचलली. शहाबादी फरशी आहे, सासऱ्यांच्या वेळची, वापरून मऊ पडलेली. तिची घडी केली, सुईखाली सारली आणि आडवी टीप मारली. खाट सरकत पुढं आली.

आत्तींनी डोळे उघडले. धनपाल मांडीवर असताना त्यांनी एका हातानं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्यात, त्यांना कामातलं कळतं.

"बारीक घाल गं टीप," त्या म्हणाल्या. "उसवंल."

त्या चुणीत गॅसची शेगडी गेली. त्याचं एवढं काही नाही, चुणीत हात घालून चहा करता येत होता. त्या दिवशी वहिनींनी आणखी दोन गठ्ठे टाकले. मी आणखी दोन चुण्या घातल्या. एकीत धुण्याची दोरी गेली. दुसरीच्या रेषेवर मालकांची खुर्ची येत होती.

"उठा जरा."

"एवढं बघून उठतो."

दोन तास भरत आले होते. मी चुणी घातली. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, चार्जर दे म्हणून. मी चार्जर आत सारला. जेवायला काय आहे तेही त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी आत्तींना भिंतीकडच्या कुशीवर वळवलं आणि उरलेले परकर पुरे करायला बसले. खोली पुन्हा बोटभर, हातभर लांबत होती. चौथी चुणी घातली. आता टीप मारली की वरचं जास्तीचं कापड कात्रीनं उडवायचं, हा हात अकरा वर्षं असाच चालतोय. नेफा, कात्री. घेर, कात्री. लक्ष आत्तींच्या पाठीत होतं आणि हात आपल्या सवयीनं गेला. चारही चुण्या त्यानं टिपेला लागून काठोकाठ कापल्या आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या.

चिंध्यासुद्धा कारखानदाराच्या असतात. वहिनींनी परकर घेतले, पोत्याचं तोंड बांधलं आणि उचलून बघितलं.

"लई जड लागतंय."

"आमचे मालक हायत त्यात."

"सोमवारी पोती मोकळी करत्यात. तवा बघू."

पोत्यातून मोबाईलवरची बातमी ऐकू येत होती. दुचाकी वळणाला गेली तसा तो आवाज बंद झाला. मला आधी हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या हलक्या वाटण्याची लाज वाटली. मग आत्तींना काय सांगायचं, याची भीती वाटली. लाज गेली, भीती राहिली.

जाताना वहिनींनी दोन गठ्ठे टाकले होते. बाराच्या आत हवेत, नाहीतर मशीन उचलायला माणूस पाठवणार होत्या. गठ्ठे टेकले आणि जमीन ताणली गेली. शिवणीला बोटभर माया ठेवतात ती यासाठीच. ताण आला की तिथून सोडता येतं. मी काही ठेवलंच नव्हतं. टीप मधोमध उसवायला लागली, एकेक टाका टकटक करत सुटला. खालून गार वारा आला. खाली काय आहे ते दिसलं नाही.

मी पालथी पडून दोन्ही कडा धरल्या. डाव्या हातात माझ्या बाजूची, उजव्या हातात आत्तींच्या बाजूची. उजवा हात खाटेच्या वजनानं ओढला जात होता.

"विमल," पलीकडून आत्तींचा आवाज आला. "दोन तास झालं न्हाईत व्हय? पाठ जळाय लागलीया."

"आलो आत्ती. आलोच."

"धनपाल कुठाय? त्याला तरी बोलव."

"बाहेर गेल्यात."

"मग तू बोलत ऱ्हा. मला भिताड सोडून काय दिसंना."

त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. सकाळी मीच वळवलं होतं. खोली केवढी झालीय आणि मध्ये काय आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी आहे, एवढं माझ्या आवाजावरून कळत होतं.

"बोलतोय, आत्ती. आज हवा गार हाय."

दोन्ही हातांनी कडा धरून शिवता येत नाही. मी माझ्या बाजूची कडा गुडघ्याखाली दाबली. आत्तींच्या बाजूची ओढून आणली आणि दातांत धरली, आखूड पडलेलं कापड आम्ही धरतो तशी. एका हातानं ती सुईखाली नेली, दुसरा हात मशीनच्या चाकावर ठेवला. खाटेचं सगळं वजन माझ्या जबड्यावर आलं.

"विमल, गप का झालीस?"

मी चाक फिरवलं. पहिला टाका पडला.

"हायस न्हवं तिथं?"

हो म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी चाक फिरवलं. आत्तींनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू.