रुखवतातली मोटार

“मग गाडी कधी देताय?” असं म्हणत उदयसिंहकाकांनी रुखवताच्या टेबलावरची मोटार उचलली आणि तिची चाकं बोटाने फिरवून पाहिली.

उदयसिंहकाका म्हणजे निनादचे सख्खे काका, त्याच्या वडिलांमागे घरातले कर्ते, आणि निनाद म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्याच्या गळ्यात मी हार घालणार होते तो. सीमांतपूजनासाठी वरपक्ष संध्याकाळी ठाण्याहून पनवेलला आला होता. हॉलच्या दाराशीच आम्ही रुखवत मांडलं होतं. आईने विणलेले क्रोशाचे रुमाल, मावशीचं साखरेचं तुळशीवृंदावन, करंज्या-लाडवांच्या परड्या आणि मधोमध ती लाल-हिरवी मोटार. बाबांना वाटलं, पाहुणे थट्टा करतायत. मुलीच्या बापाने पाहुण्यांच्या थट्टेला हसायचं असतं, म्हणून ते हसले.

“हसताय काय?” काका म्हणाले. “ही शेजारी कपाटाची किल्ली ठेवलीय. कपाट इथे आहे का? नाही. पण येणार आहे ना? मग तसंच हेही असणार. आमच्याकडे रुखवतात जे मांडतात ते मुलीबरोबर येतं.”

किल्लीची गोष्ट खरी होती. लोखंडी कपाट दुकानातून परस्पर ठाण्याला जायचं होतं. पण रुखवतात दिसायला तर हवं, म्हणून बाबांनीच हौसेने किल्लीला लाल रिबीन बांधून ती बशीत ठेवली होती. आणि तिच्या शेजारी मोटार आली होती, कारण टेबलावर तेवढीच जागा शिल्लक होती. बस, एवढंच घडलं होतं.

“अहो, ती मेकॅनोची आहे,” शशिआत्या पुढे होऊन म्हणाली. “मी केलीय. रुचिरासाठी.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि मोटार जपून खाली ठेवली. पहिल्या क्षणी त्यांचा खरोखर गैरसमज झाला असेल, हे मी मान्य करते. पण आत्याचं वाक्य ऐकल्यावर तो राहिला नव्हता. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. काका बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना बाहेर, चपला काढतात त्या ओट्यावर घेऊन गेले.

माझी आत्या, शशिकला, बाबांची मोठी बहीण. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून आयुष्यभर तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. तिचं स्वतःचं लग्न का झालं नाही, याची प्रत्येक नातेवाइकाकडे वेगळी कथा आहे, आणि एकाही कथेत तिला कोणी विचारलेलं नाही. आजी-आजोबा गेल्यावर लाइन आळीतल्या आमच्या घरात ती आमच्याबरोबरच राहिली. घरात तिचा पगार आला, तिचं काम आलं, फक्त तिची मोटारींची आवड कोणाला पसंत नव्हती.

मुलं दहावीला गेली की आळीतले आईबाप त्यांची खेळणी माळ्यावर टाकतात. त्यातले मेकॅनोचे अर्धेमुर्धे संच आत्या मागून आणायची. कोणाच्या संचात चाकं नसत, कोणाच्यात नटबोल्ट. एका कंपनीच्या पट्ट्यांची भोकं दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्यांशी जुळत नसत, मग ती कानशीने घासून भोकं मोठी करायची. प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या संचातून सीट, बिघडलेल्या खेळण्यातला स्प्रिंगचा तुकडा, असं करत करत तिची मोटार उभी राहायची. संचाबरोबर येणाऱ्या पुस्तकातल्या गाड्या तिने कधी केल्या नाहीत. म्हणायची, “चित्रातली गाडी चित्रात आहेच की. परत कशाला करायची?”

“वय काय, खेळतेय काय,” असं आई मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणायची. शेजारच्या बायकांनी तर तिचं नाव गॅरेजवाली ठेवलं होतं. एखाद्या पुरुषाने हाच उद्योग केला असता तर त्याला छंद म्हणाले असते. दिवाळी अंकात त्याचा फोटो छापून आला असता. आत्याच्या मोटारी मात्र गहू चाळायच्या जागेवर, चाळण्यांच्या मागे ठेवलेल्या असत.

माझं लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, “रुखवतात माझीही एक वस्तू राहू दे.” बाबा नको म्हणणार होते, पण मी हट्ट धरला. मग तिने ती मोटार केली. वर टप नाही, बाहेरून लाल, आतून हिरवी. स्टिअरिंगचं चक्र फिरवलं की पुढची चाकं वळत. मागची डिकी उघडे, आत एक चाक जादाचं. काचेच्या जागी एक्स-रेची धुऊन साफ केलेली फिल्म. चक्राशी बसवली होती नऊवारीच्या चिंधीतली बाहुली, आणि शेजारी फेटा बांधलेला बाहुला.

“गाडी नवरी चालवतेय?” मी विचारलं होतं.

“मग? त्याला रस्ता माहीत आहे का?” आत्या म्हणाली होती.

आमच्याकडे भांडी घासणारी गंगाबाई, खाडीकाठच्या गावातली, ती मोटार बघून इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. “आगं बाय, नवरा बगा कसा गुमान बसलाय! आमी तर असा नवरा कंदी बगला नाय.” लग्नाच्या आठवड्यात आमच्या घरात एवढं हसणं त्या एकाच दिवशी झालं.

बाबा ओट्यावरून परत आले तेव्हा त्यांच्या अंगातलं पाणी कोणी काढून घेतल्यासारखे दिसत होते. आई, आत्या आणि मी नवरीच्या खोलीत होतो. दार लावून ते आत्याला म्हणाले, “ताई, तू ती मोटार कशाला मांडलीस?”

“काय म्हणाले ते?”

“मारुती मागतायत. म्हणे, मांडलीत तर द्या, नाहीतर चार माणसांत आमची थट्टा केलीत असं होईल. ठाण्याच्या मंडळींनी सगळ्यांनी पाहिलीय.”

“आणि तू काय म्हणालास?”

बाबा म्हणाले, “वर्षभरात देतो म्हणालो.”

“कशातून देणार आहेस?” आत्याने विचारलं.

“कामोठ्याचा प्लॉट आहे.”

पाटबंधारे खात्यात कारकुनी करून बाबांनी तो तुकडा घेतला होता. दर रविवारी सायकलने जाऊन तिथलं गवत बघून यायचे. निवृत्त झाल्यावर तिथे घर बांधायचं, पुढे मोगरा लावायचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तो सगळा मोगरा बाबांनी ओट्यावर उभ्या उभ्या देऊन टाकला होता.

“मी जाऊन सांगते त्यांना,” आत्या म्हणाली. “खेळण्यातली आहे म्हणावं. पुन्हा सांगते, नीट सांगते.”

“त्यांना माहीत नाही का ताई?” बाबा ओरडले. “डोळे आहेत त्यांना! माहीत आहे म्हणून तर मागतायत. तू आता तोंड उघडू नकोस. तुझ्या खेळापायी पोरीचं लग्न मोडायचंय का?”

आत्या मागे सरली. मी बोलले. म्हटलं, “बाबा, हुंडा नको असं बैठकीत ते स्वतः म्हणाले होते.” बाबा म्हणाले, “हुंडा कुठं मागतायत? आपणच मांडलं ना?” हे वाक्य माझ्या बापाने उच्चारलं! देणाऱ्यालाच आपण चोर आहोत असं वाटायला लावायचं, आणि त्याने ते मानायचंही. आजही आठवलं की माझ्या कानशिलात कळ येते.

सकाळी आत्या कोणी उठायच्या आधी हॉलमध्ये गेली होती. मोटार काढून पिशवीत घालणार, तोच काका चहाचा कप घेऊन आले. “असू द्या, असू द्या,” म्हणाले. “व्हिडिओत येऊ द्या. आठवण राहते.”

त्यांना आठवण कसली हवी होती ते मला शालू नेसून झाल्यावर, खोलीच्या दारातून दिसलं. अकराच्या सुमाराला, मांडव माणसांनी भरल्यावर, त्यांनी व्हिडिओवाल्याला रुखवताशी बोलावलं. त्याच्या पोऱ्याने तो पांढरा दिवा वर धरला. काकांनी बाबांना टेबलाच्या एका बाजूला उभं केलं, निनादला दुसऱ्या. “कृष्णकांतराव, मोटार हातात घ्या. हां. आता जावयाला द्या. इकडे बघून. हसा की जरा!”

बाबा हसले. दिव्याच्या त्या झोतात त्यांचा घाम चमकत होता. मोटार निनादच्या हातात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या हे निम्म्यांना कळलं नसेल, पण वाजवल्या.

निनाद इंजिनियर. साखरपुड्यानंतर आम्ही दोनदा वडाळे तळ्याकाठी फिरलो होतो, आणि त्याने मला पुस्तकं कुठली आवडतात हे विचारलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. वाटलं, आता तो म्हणेल, काका, हे काय चाललंय. तो म्हणाला, “काका, रंग मात्र मी सांगणार हं. लाल नको. पांढरी बघू.”

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, निनादच्या हातातून तिने मोटार अलगद घेतली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली. एक्स्चेंजमध्ये बोलायची त्याच स्वच्छ आवाजात म्हणाली, “मांडलं ते द्यायचं, असं आपण म्हणालात. मांडली ती ही. आम्ही देतोय. घ्या.”

“अहो बाई, बाजूला व्हा.”

“घ्या ना. माझ्या भाचीच्या रुखवतातली आहे. हिच्याखेरीज दुसरी मोटार आम्ही मांडली नव्हती.”

“आम्ही काय पोरं आहोत, खेळणं घेऊन घरी जायला?” काकांनी तिचा हात झटकला.

मोटार फरशीवर पडली. आवाज फार मोठा झाला नाही. पुढचा दांडा वाकला, एक चाक घरंगळत पाहुण्यांच्या चपलांत गेलं, वाटताना सांडलेल्या अक्षतांत नट विखुरले. काका म्हणाले, “पडलं. पडलं ते चुकून.” आणि मग बाबांकडे वळून, “या बाईंना आत न्या. वरपक्षाचा अपमान चाललाय.”

मी हिरव्या चुड्यासकट बाहेर आले. आई माझा शालू मागून ओढत होती. मी निनादसमोर उभी राहिले.

“ती कोणी केली होती, ठाऊक आहे का तुला?”

“रुचिरा, आता हे नको,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मुहूर्त टळतोय. तुझ्या बाबांनी मान्य केलंय ना? मग तुमची आत्या कशाला मध्ये पडते?”

त्याला राग आलेला नव्हता, लाजही वाटत नव्हती. उशीर होत होता, तेवढाच त्याचा प्रश्न होता. अशा माणसाबरोबर आयुष्यभर वेळेवर पोचायचं, याची मला एकदम शिसारी आली.

“मला हे लग्न करायचं नाही,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण हळू म्हटलं असतं तर आईने ते ऐकू आलं नाही असं ठरवलं असतं.

मग जो गदारोळ व्हायचा तो झाला. काका म्हणाले, भर मांडवात लग्न मोडलेल्या मुलीला कोण करून घेतो बघू. निनादच्या आईने डोळ्याला रुमाल लावला. आमच्याकडचेच एक मामा म्हणाले, पोर आहे, घाबरलीय, पाणी द्या. आत्यासुद्धा माझ्याजवळ येऊन म्हणाली, “रुची, एका मोटारीपायी नको गं.” मी म्हटलं, “मोटारीपायी नाही आत्या. तुझा हात झटकला म्हणून.”

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा त्या पांढऱ्या झोतात तसेच उभे होते. त्यांनी व्हिडिओवाल्याला सांगितलं, “दिवा बंद करा.” त्याने केला. मग ते काकांना हात जोडून म्हणाले, “माझी मुलगी नाही म्हणतेय. आपण निघा.” मला तेवढं पुरलं.

ठाण्याच्या बसगाड्या निघून गेल्या. गुरुजींनी सामान आवरलं. मुंडावळ्या सोडताना आई रडली, आणि मीही रडले. निनादसाठी नाही, पण रडले. वडाळे तळ्याकाठचा तो एक प्रश्न मला आवडला होता. तो कोणी तरी दुसऱ्यानेच विचारला होता असं आता वाटत होतं.

स्वयंपाक तर झालेला होता. आचारी दारात येऊन उभा राहिला, काय करायचं म्हणून. आमच्याकडची माणसं निघायलाही संकोचत होती आणि थांबायलाही. आतल्या दालनात पहिली पंगत मांडून तयार होती. वरपक्षाची पंगत, म्हणून तेवढ्याच पानांभोवती रांगोळी, तेवढ्याच ठिकाणी पाट आणि उदबत्त्या. उदबत्त्या अर्ध्या जळून गेल्या होत्या.

आत्या मांडवात गुडघे टेकून नट शोधत होती. अक्षतांतून एकेक वेचून पदरात टाकत होती. गंगाबाई तिच्याबरोबर वाकून शोधत होती आणि ठाण्याच्या दिशेने तोंड करून शिव्या देत होती. “मेल्यांना पोरीच्या मायेचा मोल नाय, आन गारी पायजे!”

बाबा आत्यापाशी गेले. खाली वाकले, तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं. “ताई, चल. जेवायला चल.”

“मला भूक नाही रे.”

त्यांनी ऐकलं नाही. तिला धरून आतल्या दालनात नेलं आणि रांगोळीच्या पहिल्या पाटावर, जिथे व्याही बसतो तिथे बसवलं. मला तिच्या शेजारी बसवलं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं कमरेला गुंडाळलं, वाढप्याच्या हातातून जिलबीचं ताट घेतलं, आणि मुलीचा बाप व्याह्यापुढे वाकतो तसे तिच्या पानापुढे वाकले. आत्याने नको म्हणत पानावर हात आडवा धरला.

“एक तरी घे ताई,” बाबा म्हणाले. “आमचं काही चुकलं असेल तर पदरात घे. पण उपाशी उठू नकोस.”

ते ताट धरून वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळाने आत्याने पानावरचा हात बाजूला घेतला.