तोफेवरचं कुंकू

जयदीपकाकाला चाकणच्या कंपनीनं वर्षभरासाठी इंग्लंडला पाठवलं, म्हणून शाळेची रजा काढून मी आणि आजी त्याच्याकडे आलो. "इंग्लिशचं टेन्शन नको, मी आहे ना!" हे मी विमानतळापासून सगळ्यांना ऐकवत होते. आणि खरंच, जहाजाची तिकिटं मीच काढली! दोनशे वर्षांपूर्वीचं शिडांचं लढाऊ जहाज, आता म्युझियम झालेलं. पाटी वाचून मी ओरडलेच, "आजी, हे मुंबईत बांधलंय! आपल्याकडच्या सागाचं!"

"तरीच टिकलंय," आजी म्हणाली.

काका फोटो काढायला वर गेला. खाली तोफांची रांग होती. आजी एकीपुढे थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि कनवटीची पुडी काढली. मला लगेच कळलं. आज खंडेनवमी! भोसरीला आमच्या वर्कशॉपात लेथला, ड्रिलला हळदकुंकू लागत असणार. आजोबा होते तोवर ती पूजा आजीच करायची. आता आई करते आणि आजी शटरपाशी उभी राहते. विधवेनं करू नये म्हणे.

"अगं, ही इंग्रजांची तोफ. कुणावर डागली असेल कोण जाणे!"

"मशिनी तरी आधी कुठं आपल्या व्हत्या? मालकाच्या. पूजा आमीच करायचो की."

आणि तिनं बोटं टेकवली. हळद, मग कुंकू.

"एक्सक्यूज मी!" गाइडबाई धावत आल्या. चिडल्या नव्हत्या, पण ठाम होत्या. जुना रंग खराब होतो, लगेच पुसावं लागेल. आजी पुसतील की त्यांनीच पुसायचं?

"काय म्हनती?" आजीनं विचारलं.

इंग्लिश सगळं कळलं होतं. मराठीच तोंडातून निघेना. आजीला 'कुंकू पूस' कसं सांगू?

"पुसायचंय म्हणतात. तू पुसतेस की त्यांनी पुसायचं, असं विचारतायत."

आजीनं पुडी परत कनवटीला खोचली. मग म्हणाली, "माझं पुसलं तवा कुनी इचारलं न्हवतं. ही इचारती तरी. पुसू दे तिला."

गाइडबाईंनी फडकं काढलं.

"वन मिनिट, प्लीज!" मी तोफेवरचं कुंकू बोटावर घेतलं आणि आजीच्या कपाळाकडे हात नेला.

ती झटकन मागं सरली. "खुळी का काय! लोकं बघत्यात."

"इथं कोण ओळखतंय तुला?"

"तू वळखतीस की."

"मग मी कुठं नको म्हणतेय?"

लाकडी जिन्यावर काकाचे बूट वाजले. आजीनं तिकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि कपाळ माझ्यापुढं केलं.

"लाव. पन वाकडं नगो."