आबांची झोप आणि लाल गाडीच्या स्प्रिंगा

माणसाची झोप त्याच्या मालकीची असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आबांची झोप त्यांच्या जावयाच्या गॅरेजच्या मालकीची होती.

जन्मभर कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा केलेला माणूस. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये टेकला की डोळा मिटायचा, तो घरापाशीच उघडायचा. पुढे पहारा सुटला, बस सुटली, सवय मात्र काही सुटली नाही. आणि ती झोप म्हणजे काय साधीसुधी! कानाशी भोंगा वाजवा, टपावर दगड पाडा, आबा ढिम्म. एकदा तर चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळून गाडीच्याही पुढे धावत सुटलं, चौकात डावीकडे वळून न्हाव्याच्या दुकानात शिरलं, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळालं, आणि आबांनी फक्त कूस बदलली. पण स्प्रिंगमध्ये केसभर खोट असू द्या, पहिल्याच खड्ड्यात त्यांचा एक डोळा उघडायचा. ‘मागची उजवी,’ एवढंच म्हणायचे आणि डोळा पुन्हा मिटायचा. चाक खोलून बघावं, तर खरंच मागची उजवी!

जावई स्प्रिंगांचा मिस्त्री. पुढे पत्र्याचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर, अशी त्याची सगळी दुनिया; आबाही त्यातच राहायला. गाडीचं काम झालं की आबांना शेजारी बसवायचं, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारायची, हीच त्याची परीक्षा. गिऱ्हाईकही मीटर-बिटर विचारायचं नाही. ‘आबा झोपले का?’ विचारायचं. झोपले म्हटलं की डोळे मिटून गाडी घेऊन जायचं. पण मिस्त्रीला आबा नुसते धंद्यासाठीच हवे होते असं नाही. त्याचा स्वतःचा बाप त्याला आठवतही नव्हता. लग्नात सासरा मिळाला आणि सोबत बापही मिळाला, हा सौदा त्याला भलताच फायद्याचा वाटला होता. फेरीवरून परत येताना शेजारी तोंड उघडं टाकून घोरणारा तो म्हातारा बघितला की मिस्त्रीला उगाचच वाटायचं, आपलं बरं चाललंय.

अशात एक दिवस गॅरेजसमोर लाल रंगाची, दोनच माणसांची, बेडकासारखी बसकी गाडी येऊन उभी राहिली. आतून उतरला मिस्त्रीचा मेहुणा, आबांचा एकुलता एक मुलगा. त्याला घरात सगळे राजे म्हणत. लहानपणी कौतुकानं म्हणत, आता टोमण्यानं.

“भावोजी, कशी आहे?”

“चांगली आहे की. पण अर्धीच आणलीत? मागची सीटं वाटेत पडली का?”

“स्पोर्ट्स कार आहे हो ती!” राजे खाली वाकले आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या जागेत त्यांनी चार बोटं घातली. “हे बघा. एवढी फट! मांजर व्यालं तरी कळायचं नाही. ही गाडी मला खाली बसवून पाहिजे. आणि आत मऊ पाहिजे, गादीसारखी.”

मिस्त्रीनं हातातला पाना ठेवला. “राजे, लोक एकतर बसकी मागतात, नाहीतर मऊ मागतात. गाडी खाली आणायची म्हणजे आखूड स्प्रिंग. आखूड झाली की दबायला जागा कमी. जागा कमी म्हणून ती कडक घ्यायची, नाहीतर खड्ड्यात गाडी खालच्या रबरावर आपटते. आणि कडक घेतली की घरी जाऊन आपली हाडं मोजायची. तुम्हाला मऊ कशाला पाहिजे? एकटे तर फिरता.”

“आबांसाठी,” राजे म्हणाले. “आबांना मी माझ्याकडे घेऊन चाललोय. कायमचं.”

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन अशी सरकली, की तिलाही स्प्रिंगा लावल्या होत्या की काय कोण जाणे. आतून ताई, म्हणजे मिस्त्रीची बायको, हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

“आबांना विचारलंस?” तिनं भावाला विचारलं.

आबा गॅरेजच्या कोपऱ्यात, एका जुन्या बसच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, लाल गाडीकडे पाहिलं. “चिरंजीवांचं घर इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर,” ते म्हणाले. “मी काय ओंडका आहे आपटत न्यायला? मिस्त्रीनं गाडी लावून द्यावी. फेरीत मला झोप लागली तर मी जाईन. जाग आली तर नाही. बस्स.”

झालं! म्हणजे म्हातारा राहणार की जाणार, ते मिस्त्रीच्याच हातात आलं. आणि हातात आलं म्हणूनच तो कधी नव्हे एवढा अडकला. काम बिघडवलं तर आबा राहतील, आणि काम बिघडवायचं त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

पहिल्यांदा बसल्या त्या राजेंनीच आणलेल्या पिवळ्याजर्द स्प्रिंगा. गाडी अशी खाली बसली की मडगार्डात बोट सोडा, अफवाही शिरली नसती. राजे खूश. आबांना शेजारी घालून मिस्त्री फेरीला निघाला. पहिल्या खड्ड्यात आबांची टोपी उडाली, दुसऱ्यात कवळी उडाली, तिसऱ्यात आबा स्वतःच उडाले ते टपाला टेकून आले.

“ही गाडी आहे की पाटावरवंटा?” आबा म्हणाले.

मिस्त्रीनं परत येऊन नकारार्थी मान हलवली. मनातून मात्र त्याला एवढं हलकं वाटलं, की त्यानं राजेंना स्वतः चहा करून पाजला.

दुसऱ्या बसल्या निळ्या. बऱ्यापैकी आखूड, बऱ्यापैकी नरम. पण शॉकॲब्सॉर्बर गाडीचे जुनेच होते, त्यांना या नव्या सुनेला आवरणं जमेना. एक खड्डा गेला की गाडी पुढच्या चौकापर्यंत माना डोलावत राही. आबांनी डोळा उघडला. “मला बोटीत कशाला बसवलंस रे? किनारा आला की सांग, मी उतरतो.”

“जमत नाही, राजे,” मिस्त्रीनं सांगितलं. “काही गाड्यांच्या नशिबातच नसतं.”

“तुम्हाला जमत नाही?” राजेंचा चेहरा पडला. “भावोजी, लोक तर म्हणतात तुम्ही दगडी रोलरचाही झोपाळा करून द्याल.”

आता असं कुणी बोललं की कारागिराचं डोकं बंद पडतं आणि हात चालू होतात. मिस्त्रीला उत्तर माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी फार खाली आणायचीच नाही. चार बोटांची अडीच करायची, आणि तिथेच हात आवरायचा. स्प्रिंग अशी निवडायची की जिचे वरचे वेढे दाट आणि खालचे विरळ असतात. लहान खड्ड्याला दाट वेढे नमतं घेतात, मोठ्या खड्ड्याला विरळ वेढे छाती काढून उभे राहतात. आणि जोडीला त्यांच्याच मापाचे आखूड शॉकॲब्सॉर्बर. त्यानं राखाडी रंगाचा तसा जोड मागवला. मागवताना स्वतःशी म्हणाला, नुसता बघून ठेवू. आल्यावर म्हणाला, नुसता लावून बघू. लावल्यावर एकटाच फेरी मारून आला आणि गॅरेजमध्ये गाडी बंद करून तसाच बसून राहिला. खड्ड्यांचा रस्ता कुणीतरी चोरून नेऊन त्या जागी साय पसरली होती.

ताई खिडकीशी आली. “झाली वाटतं?”

“झाली.”

“मग आता?”

“आता काय? तू सांग.”

“मी काय सांगू? माझे वडील आहेत, म्हणून त्याचे नाहीत का?” ती म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ तीच ती भांडी पुन्हा पुन्हा घासल्याचा आवाज येत राहिला.

मग मिस्त्रीनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. राखाडी जोड काढला, आणि त्या पिवळ्याजर्द स्प्रिंगा पुन्हा चढवल्या.

सकाळी राजेंनी गाडी पाहिली आणि टाळी वाजवली. “वा! एकदम जमिनीला चिकटली. आता मऊ असली की झालं.”

“बघू या. आबा, चला.”

मिस्त्रीनं एकही खड्डा सोडला नाही. जे रस्त्यात होते ते घेतलेच, जे कडेला होते त्यांचीही आवर्जून भेट घेतली. गाडी अशी आदळत होती की रस्त्यावरची कबुतरं घाबरून चालत निघाली. मिस्त्रीची स्वतःची बत्तिशी खिळखिळी झाली. शेजारी आबा मात्र डोळे मिटून घोरत होते.

त्याला आधी खरं वाटेना. त्यानं एक गतिरोधक तसाच वेगात घेतला. घोरणं हवेत तुटलं, गाडी खाली आली, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं, वर्गात अडखळत धडा वाचणाऱ्या पोरासारखं. मिस्त्रीनं बाजूला नजर टाकली. आबांच्या एका हातानं दाराची कडी एवढी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

त्यानं गाडी कडेला घेतली.

“आबा.”

घोरणं.

“आबा, कवळी तुमच्या मांडीवर पडलीय.”

आबांनी डोळे न उघडताच हात मांडीवर चाचपडत नेला, कवळी उचलली, तोंडात बसवली, आणि पुन्हा घोरू लागले.

मिस्त्रीला हसू आलं, आणि मग एकदम लक्षात आलं. “तुम्हाला जायचंय,” तो म्हणाला.

घोरणं थांबलं. शेवटी आबांनी डोळे उघडले, पण पाहिलं समोरच्या काचेकडे.

“पिवळ्या लावल्यास ना रे लबाडा?”

“लावल्या.”

“वाटलंच. माझं माकडहाड केव्हाच मागे राहिलं, परत जाताना उचलून घे.” मग म्हाताऱ्यानं दाराची कडी सोडली. “तो एकटा आहे रे. बायको गेली सोडून, ते त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. मलाही नाही सांगितलं. पण तुझ्याकडे आला की दोन-दोन दिवस हलत नाही, जेवून झालं तरी ताटावरून उठत नाही, हे दिसतं मला. ही गाडी त्यानं हौसेनं घेतली वाटतं तुला? घरी जायला नको म्हणून घेतलीय. रात्र रात्र नुसता फिरवत असणार.”

“मग त्यालाच इथे राहू दे. जागा करू.”

“राहील का तो? राजे ना ते!”

“आणि आम्ही?”

हा प्रश्न मिस्त्रीला विचारायचा नव्हता. आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं कवळी नीट केली.

“झोपलो असं सांग,” ते म्हणाले. “तुझ्याशिवाय कोण सांगणार? तुझंच खरं मानतात.”

वाद घालायला स्प्रिंग असती तर त्यानं कापली असती, तापवली असती, वाकवली असती. समोर बसला होता एक म्हातारा, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. गॅरेजशी येऊन मिस्त्रीनं काच खाली केली.

“झोपले,” तो म्हणाला.

राजेंनी आनंदानं त्याला मिठी मारली. ताईनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

त्या दुपारी मिस्त्रीनं दार लावून घेतलं आणि पिवळ्या स्प्रिंगा उतरवून राखाडी जोड परत चढवला. प्रत्येक वेढा पुसला, प्रत्येक नट दोनदा आवळला. आबांचं वजन किती, त्यांची ट्रंक किती जड, सगळं धरून मागची बाजू जरा उचलून घेतली. कुठे काही चुकतंय का, म्हणून पुनःपुन्हा खाली वाकून पाहिलं. कुठेच काही चुकत नव्हतं. एवढं चोख काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं आणि एवढं जिवावरही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना राजेंनी चाकाशी बोटं घातली. “भावोजी, काल खाली होती. आज वर कशी आली?”

“काल दमली होती. आज विश्रांती झाली.”

“पण भावोजी...”

“बस आता मुकाट्यानं,” आबा आतून ओरडले. “मिस्त्रीच्या कामात नाक खुपसायचं नाही.”

ताईनं वडिलांच्या पाठीमागे उशी सरकवली. मिस्त्रीनं सीटचा पट्टा लावून दिला, मग उगाच सैल केला, मग पुन्हा लावला. कुणालाच नीट निरोप घेता येईना, म्हणून सगळे मिळून राजेंनाच सूचना देत राहिले: गतिरोधकाला सावकाश, उजेडी पोच, पाणी जवळ ठेव. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, गतिरोधकावर एकदा अदबीनं मान लववून पलीकडे उतरली.

“जागे झाले का हो?” ताईनं विचारलं.

“नाही.”

“तुम्हाला इथून कसं कळलं?”

मिस्त्रीनं पाना उचलला. आत जाऊन तो एक जुनी मोटार खोलायला बसला आणि तासभर एकाच नटाशी झटत राहिला. तो नट उलटा फिरवतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

उन्हं कलायला आली तेव्हा फोन वाजला.

“भावोजी,” राजेंचा आवाज इतका हळू होता की मिस्त्रीला गॅरेजचा पंखा बंद करावा लागला. “पोचलो. घरासमोर उभा आहे. पण आबा झोपलेत. अख्खी वाट झोपले, एकदाही डोळा उघडला नाही. मी दोन हाका मारल्या, उठेनात. हलवून बघू का?”

“नको.”

“मग काय करू? किल्ली माझ्या हातात आहे, कुलूप समोर आहे. सामान उतरवायचंय. घरात दिवासुद्धा लावलेला नाही. काय करू मी?”

ताई धावत येऊन फोनला कान लावून उभी राहिली. पलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, म्हातारा घोरत होता.

“काही करू नकोस,” मिस्त्री म्हणाला. “बसून राहा शेजारी.”

“किती वेळ?”

घरापाशी आबांचा डोळा आपोआप उघडायचा, त्यामुळे मिस्त्रीला हे कुणी आजवर विचारलं नव्हतं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

“भावोजी? आहात ना?”

“आहे,” तो म्हणाला. “फोन ठेवू नकोस.”