दलदलीच्या काठावर

निधीनं गुडघे टेकून गवताची काडी दोन बोटांत धरली, टोकाचा कापसासारखा पांढरा झुपका गालाजवळ नेला आणि पटकन सोडून दिला.

"एकच झुपका, आणि ताठ. म्हणजे हे हेअर्स-टेल, सशाची शेपटी," सुप्रभाकाकू म्हणाल्या. "कॉमन कॉटनग्रासला एका काडीवर बरेच झुपके, माना टाकून लोंबणारे. ते दिसलं की जपून हं. खाली पाणी असतं."

काकू लीड्सच्या शाळेतून रिटायर झालेल्या. उन्हाळ्यात त्या यॉर्कशरच्या या दलदलीत व्हॉलंटियर्सना वनस्पती ओळखायला शिकवत. आज पावसाच्या अंदाजामुळे बाकीचे आलेच नव्हते. उरलं होतं ब्रॅकनेलहून आलेलं हे जोडपं. नाव निधीनं नोंदवलं होतं. यतीन गाडी चालवायला म्हणून आला होता.

मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. सीझरनंतर निधी शुद्धीवर आली तोवर बाळ गेलं होतं. यतीननं पाळणा, कपडे, सगळं परस्पर चॅरिटी शॉपला देऊन टाकलं आणि तो ऑफिसला जाऊ लागला. पुढे एका बार्बेक्यूत कुणीतरी मुलांबद्दल विचारलं तेव्हा, निधी शेजारी उभी असताना, तो हसून म्हणाला होता, "नो, जस्ट अस." त्यानंतर ती पलीकडच्या लहानशा बॉक्सरूममध्ये झोपू लागली. बोलणं उरलं ते कचऱ्याच्या बिन्स आणि बॉयलरपुरतं.

काकू बॅगेतून फ्लास्क काढत होत्या. निधी उठली आणि सरळ चालत गेली, जिथं झुपके वाऱ्यावर लोंबत होते तिकडे.

"निधी, थांब!"

तिनं वळून यतीनकडे पाहिलं आणि पुढचं पाऊल टाकलं. पाय मांडीपर्यंत आत गेला.

तो धावला, काठावर पालथा पडला आणि त्यानं तिचे दोन्ही दंड धरले. काकू मागून त्याचं जॅकेट ओढत होत्या. बराच वेळ चिखल सुटेना. शेवटी ती बाहेर आली. बूट आतच राहिला.

"दिसले नव्हते तुला ते झुपके?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"दिसले होते."

आपला मोजा काढून त्यानं तिच्या पायात घातला आणि तो पाय दोन्ही हातांनी चोळत बसला.

काकूंनी चहा ओतला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मुलंबाळं काय रे तुम्हाला?"

निधीनं मान फिरवली. त्याचं उत्तर तिला पाठ होतं.

"एक मुलगी झाली," यतीन म्हणाला. पाय चोळणारे हात थांबले होते. "राहिली नाही. तनू."

काकूंनी फ्लास्कचं झाकण हळूच लावलं.

"केस खूप होते तिला," तो पायाकडे बघत म्हणाला. "नर्सनं मला टोपी काढून दाखवले. निधी तेव्हा आत ऑपरेशन थिएटरमध्येच होती. मग तिच्याकडे आणली, ती सगळी गुंडाळूनच."

निधीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"कुरळे?" तिनं विचारलं.